दीर्घकालीन वास्तविक नफा आणि भागांचे मूल्यमापन

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या कंपनीच्या भागासाठी बाजारात जी किंमत मागितली जाते ती वाजवी आहे किंवा नाही, हे ठरविण्याचे सर्वांत परिचित साधन म्हणजे किंमत व नफा ह्यांचे गुणोत्तर. भागाची किंमत १२० रुपये आणि दर भागामागील वार्षिक नफा १० रुपये असेल, तर हे गुणोत्तर १२ होय. गुणोत्तर लहान असेल तर भाग स्वस्त आणि मोठे असेल तर महाग, असा सर्वसाधारण समज आहे. साधन सोपे आहे. परंतु त्याचा छेद म्हणून जो नफा आपण घेतो तो केवळ एका वर्षाचा असतो, आणि एक वर्ष हे कंपनीच्या आयुष्यातील प्रातिनिधिक वर्ष असेलच असे नाही. प्रस्तुत लेखात ह्या एकाच उणिवेचा व ती दूर करण्यासाठी सुचविल्या गेलेल्या एका पद्धतीचा विचार करावयाचा आहे.

ही उणीव किती घातक ठरू शकते ह्याचे एक उदाहरण प्रथम पाहू. स्टँडर्ड अँड पूअर्स संस्थेचा अमेरिकेतील पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक ९ मार्च २००९ रोजी ६७६.५३ ह्या पातळीस उतरला. त्यापूर्वी, २००८ च्या अखेरच्या तिमाहीत, निर्देशांकातील कंपन्यांच्या एकत्रित हिशेबात नफ्याऐवजी तोटा दिसला होता. परिणामी मागील बारा महिन्यांचा नफा जवळजवळ नाहीसा झाला आणि २००९ च्या मध्यास किंमत-नफा गुणोत्तर शंभराच्याही वर गेले. रूढ नियम अक्षरशः पाळावयाचा तर बाजार तेव्हा इतिहासातील सर्वांत महाग होता, असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात त्यानंतरच्या दहा वर्षांत तोच निर्देशांक सुमारे चौपट झाला. साधनाने दिलेली खूण वस्तुस्थितीच्या नेमकी उलट होती. ह्याचे कारण उघड आहे. मंदीत किंमत घसरते, परंतु नफा तिच्याहूनही वेगाने घसरतो. तेजीत किंमत चढते, परंतु नफा तिच्याही पुढे धावतो. त्यामुळे गुणोत्तर मंदीत फुगते आणि तेजीत आकसते.

२. सरासरीची कल्पना

एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नये, ही सूचना नवी नाही. बेंजामिन ग्रॅहॅम व डेव्हिड डॉड ह्या कोलंबिया विद्यापीठातील अध्यापकांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सिक्युरिटी अ‍ॅनॅलिसिस’ ह्या ग्रंथात ती स्पष्टपणे मांडली आहे. नफ्याची सरासरी किमान पाच वर्षांची, आणि शक्य तर सात किंवा दहा वर्षांची असावी, असे त्यांचे मत होते. ग्रंथाचा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १९२९ च्या तेजीत लोकांनी एका भरभराटीच्या वर्षाचा नफा कायमचा मानला, त्यावर भविष्यातील वाढीचे इमले चढविले आणि त्या अपेक्षेपोटी किंमत दिली. पुढील तीन वर्षांत ते इमले कोसळले, व स्वतः ग्रॅहॅम ह्यांनाही त्यात मोठी हानी सोसावी लागली. सरासरीचा आग्रह हा केवळ गणिती संकेत नसून त्या अनुभवातून आलेले शहाणपण होते.

दहा वर्षांतच काही विशेष आहे असे मात्र समजू नये. मुद्दा इतकाच की निवडलेल्या अवधीत व्यापारचक्राचे किमान एक पूर्ण आवर्तन, म्हणजे चढ व उतार दोन्ही, सामावले जावे. पाच वर्षांचा अवधी ह्या दृष्टीने पुष्कळदा अपुरा पडतो. उलट, वीस-पंचवीस वर्षे मागे गेल्यास कंपनीच्या उद्योगाचे स्वरूपच बदललेले असण्याचा संभव असतो. दहा वर्षे ही ह्या दोन अडचणींमधील तडजोड होय.

३. भाववाढीचा हिशेब कशासाठी

सरासरी काढावयाची तर निरनिराळ्या वर्षांच्या रकमांची बेरीज करावी लागते. परंतु दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया ह्यांची क्रयशक्ती सारखी नसते. दोहोंची सरळ बेरीज करणे म्हणजे शेर आणि किलो एकाच तागडीत टाकण्यासारखे आहे. भाववाढीच्या काळात जुने नफे आजच्या मानाने लहान दिसतात, सरासरी अकारण खाली येते आणि भाग आहे त्यापेक्षा महाग भासतो. भाव घसरत असतील तर परिणाम उलट होतो. अमेरिकेत १९२९ ते १९३२ ह्या काळात ग्राहक किमती सुमारे एक पंचमांशाने उतरल्या होत्या. १९७२ ते १९८२ ह्या दशकात त्या दुपटीहून अधिक झाल्या. एवढी तफावत डोळ्याआड करून काढलेली सरासरी निरुपयोगी ठरते.

म्हणून प्रत्येक वर्षाचा नफा ग्राहक किंमत निर्देशांकाच्या साहाय्याने चालू वर्षाच्या रुपयांत आणावयाचा आणि मगच सरासरी काढावयाची. सूत्र सोपे आहे: त्या वर्षाचा नफा गुणिले चालू वर्षाचा निर्देशांक, भागिले त्या वर्षाचा निर्देशांक. घाऊक किमतींचा निर्देशांक न घेता ग्राहक किमतींचा घ्यावयाचा, कारण नफा अखेर भागधारकाचा असतो आणि तो त्यातून बाजारातील नित्योपयोगी वस्तू व सेवाच विकत घेणार असतो.

४. एक काल्पनिक उदाहरण

चढउतार असलेल्या उद्योगातील एका काल्पनिक कंपनीचे दर भागामागील नफ्याचे आकडे खाली दिले आहेत. शेवटच्या रकान्यात ते दहाव्या वर्षाच्या रुपयांत मांडले आहेत.

| वर्ष | किंमत निर्देशांक | नफा (रुपये) | वास्तविक नफा (रुपये) |
|---|---|---|---|
| १ | १०० | १० | १६.०० |
| २ | १०६ | १२ | १८.११ |
| ३ | ११२ | १४ | २०.०० |
| ४ | ११८ | ६ | ८.१४ |
| ५ | १२५ | २ | २.५६ |
| ६ | १३२ | ८ | ९.७० |
| ७ | १४० | १४ | १६.०० |
| ८ | १४८ | २० | २१.६२ |
| ९ | १५४ | २४ | २४.९४ |
| १० | १६० | २६ | २६.०० |

दहाव्या वर्षाअखेर भागाची किंमत ३१२ रुपये आहे असे धरू. चालू नफ्यावरून गुणोत्तर १२ येते व भाग बराच स्वस्त वाटतो. चलनी नफ्याची साधी सरासरी १३.६० रुपये असून तिच्यावरून गुणोत्तर सुमारे २३ येते. वास्तविक नफ्याची सरासरी १६.३१ रुपये आहे. तिच्याशी तुलना केली असता गुणोत्तर १९.१ भरते. पहिला आकडा तेजीच्या वर्षाने फसविलेला, दुसरा भाववाढीने विकृत केलेला आणि तिसरा ह्या दोन्ही दोषांपासून बव्हंशी मुक्त आहे.

आता पाचव्या वर्षाकडे पाहू. त्या वेळी किंमत ६० रुपये असेल तर चालू नफ्यावरून गुणोत्तर ३० येते व भाग फार महाग ठरतो. तोवरच्या पाच वर्षांचे नफे पाचव्या वर्षाच्या रुपयांत आणून त्यांची सरासरी काढली, तर ती १०.१३ रुपये येते व गुणोत्तर सहाच्याही किंचित खाली राहते. केवळ चालू नफा पाहणारा गुंतवणूकदार पाचव्या वर्षी साठ रुपयांचा भाग नाकारील आणि दहाव्या वर्षी तोच भाग तीनशे बारा रुपयांस आनंदाने घेईल. हानी होते ती अशी. आणि ती आकडे न पाहणाऱ्याची नव्हे, तर आकडे पाहूनच निर्णय घेणाऱ्याची होते.

ह्या कोष्टकात पाचव्या वर्षाचा दोन रुपयांचा नफा वगळलेला नाही, हेही ध्यानात ठेवावे. वाईट वर्ष ‘अपवादात्मक’ म्हणून गाळण्याचा मोह नेहमीच होतो. परंतु वाईट वर्षे गाळून काढलेली सरासरी ही सरासरीच नव्हे. तोट्याचे वर्षही त्याच्या ऋण चिन्हासह बेरजेत आले पाहिजे.

५. इतिहासाची साक्ष

ग्रॅहॅम व डॉड ह्यांच्या सूचनेला सांख्यिकी पाया देण्याचे कार्य जॉन कॅम्बेल व रॉबर्ट शिलर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ साली केले. १८७१ पासूनच्या अमेरिकन भागांच्या किमती, नफा व लाभांश ह्यांच्या मालिका घेऊन त्यांनी असे दाखविले की वास्तविक नफ्याची दीर्घकालीन सरासरी व किंमत ह्यांच्या संबंधावरून पुढील अनेक वर्षांच्या परताव्याबद्दल काही अंदाज बांधता येतो. पुढील एका वर्षाबद्दल मात्र तो फारसा बांधता येत नाही. दहा वर्षांच्या वास्तविक नफ्यावर आधारलेले हे गुणोत्तर बाजारात ‘केप’ ह्या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. आपण त्यास दीर्घकालीन गुणोत्तर म्हणू.

ह्या गुणोत्तराची ऐतिहासिक सरासरी सुमारे १७ आहे. सप्टेंबर १९२९ मध्ये ते ३३ च्या जवळ होते. १९३२ च्या मध्यास सहाच्याही खाली होते. १९६६ च्या आरंभी ते २४ होते आणि १९८२ च्या उन्हाळ्यात सातच्या खाली उतरले. डिसेंबर १९९९ मध्ये त्याने ४४ ची पातळी गाठली. आणि ज्या मार्च २००९ चा उल्लेख आरंभी केला, त्या महिन्यात ते १३ च्या आसपास होते. एका वर्षाचा नफा छेदस्थानी घेणारे साधन जेव्हा दिशाभूल करीत होते, तेव्हा ह्या साधनाने बाजार सरासरीहून स्वस्त असल्याची खूण दिली होती.

१९६६ ते १९८२ हा कालखंड अधिक बोधप्रद आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये डाऊ जोन्स निर्देशांक ९९५ वर पोहोचला होता. ऑगस्ट १९८२ मध्ये तो ७७७ होता. वरवर पाहता सोळा वर्षांत सुमारे बावीस टक्क्यांचीच घट झाली. परंतु त्याच काळात ग्राहक किमती जवळजवळ तिप्पट झाल्या. लाभांश बाजूला ठेवल्यास, मूळ भांडवलाच्या क्रयशक्तीपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग नष्ट झाला. निवृत्तीसाठी पुंजी साठविणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही हानी १९२९ च्या कोसळण्याहून फार वेगळी नव्हती. फरक इतकाच की ती हळूहळू झाल्यामुळे पुष्कळांच्या ध्यानातही आली नाही.

ह्याच संदर्भात फ्रँको मोदिग्लियानी व रिचर्ड कोन ह्यांनी १९७९ साली मांडलेला विचार महत्त्वाचा आहे. भाववाढीमुळे गुंतवणूकदार दोन चुका करीत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पहिली चूक म्हणजे ते नफ्याच्या उताऱ्याची तुलना कर्जरोख्यांच्या चलनी व्याजदराशी करतात; वस्तुतः तुलना वास्तविक दराशी व्हावयास हवी. दुसरी चूक म्हणजे भाववाढीमुळे कंपनीच्या कर्जाचे वास्तविक ओझे घटते, हा लाभ ते हिशेबातच घेत नाहीत. म्हणून भाग त्यांच्या योग्य मूल्याहून फार खाली विकले जात आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील दोन दशकांच्या तेजीने त्याला पुष्टी दिली.

६. गुणोत्तराचा व्यस्तांक

दीर्घकालीन गुणोत्तराचा व्यस्तांक घेतला की वास्तविक नफ्याचा उतारा मिळतो. वरील काल्पनिक कंपनीच्या बाबतीत तो १६.३१ भागिले ३१२, म्हणजे सुमारे ५.२ टक्के येतो. छेदातील नफा भाववाढीसाठी दुरुस्त केलेला असल्याने हा उतारा वास्तविक स्वरूपाचा आहे, आणि दीर्घ मुदतीत अपेक्षिता येईल अशा वास्तविक परताव्याचा तो एक स्थूल अंदाज होय. त्याची तुलना भाववाढीशी निगडित अशा सरकारी रोख्यांच्या दराशी सरळ करता येते.

अशा तुलनेतून काय दिसते ते पाहा. डिसेंबर १९९९ मध्ये गुणोत्तर ४४ होते, म्हणजे उतारा सुमारे २.३ टक्के. त्याच सुमारास अमेरिकन सरकारचे भाववाढ-निगडित रोखे सुमारे ४ टक्के वास्तविक दर देत होते. निर्धास्त रोख्यावर चार टक्के मिळत असता जोखमीच्या भागावर सव्वादोन टक्के स्वीकारण्यास लोक तयार होते, ह्याचा अर्थ भावी नफ्यात विलक्षण वाढ होईल असे त्यांनी गृहीत धरले होते. २००० ते २००९ ह्या दशकात पाचशे कंपन्यांच्या निर्देशांकाने, लाभांश जमेस धरूनही, गुंतवणूकदारास उणे परतावा दिला.

७. आक्षेप आणि मर्यादा

ह्या पद्धतीवर घेतले गेलेले आक्षेप गंभीर आहेत आणि अभ्यासकाने ते टाळू नयेत.

पहिली मर्यादा कालनिर्णयाची. डिसेंबर १९९६ च्या आरंभी कॅम्बेल व शिलर ह्यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे बाजार महाग असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ डिसेंबर रोजी, बँकेचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन ह्यांनी बाजारातील ‘अविवेकी उत्साहा’चा प्रश्न जाहीर भाषणात उपस्थित केला. निर्देशांक तेव्हा ७४४ च्या आसपास होता. मार्च २००० पर्यंत तो दुपटीहून अधिक वाढून १५२७ झाला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ७७७ वर परतला. निदान अचूक होते असे अखेरीस म्हणता आले; परंतु मधल्या सव्वातीन वर्षांत ते निदान करणारा हास्यास्पद ठरत होता. महाग वस्तू दीर्घकाळ महाग राहू शकते, किंबहुना अधिक महाग होऊ शकते.

दुसरा आक्षेप हिशेबनीसीचा असून तो प्रामुख्याने जेरेमी सीगल ह्यांनी मांडला. २००१ नंतर अमेरिकेत नावलौकिकादी अमूर्त मालमत्तेचे घटलेले मूल्य तत्काळ नफ्यातून वजा करण्याचा नियम आला. ए.ओ.एल. टाईम वॉर्नर ह्या एकाच कंपनीने २००२ साली सुमारे ९,९०० कोटी डॉलरचा तोटा दाखविला. असे प्रचंड कागदी तोटे पुढील दहा वर्षांच्या सरासरीत ठाण मांडून बसतात व गुणोत्तर फुगवितात. म्हणजे १९३२ चा नफा व २००२ चा नफा एकाच मापाने मोजलेला नाही.

तिसरा आक्षेप नफ्याच्या वाटपासंबंधी. पूर्वी कंपन्या नफ्याचा मोठा हिस्सा लाभांशरूपाने वाटीत. अलीकडे त्या नफा राखून ठेवतात किंवा त्यातून स्वतःचेच भाग परत विकत घेतात. त्यामुळे दर भागामागील नफा अधिक वेगाने वाढतो आणि मागील दहा वर्षांची सरासरी चालू नफ्याच्या अधिक मागे पडते. वाढीचा हा परिणाम मोजता येतो. वास्तविक नफा दरवर्षी २ टक्क्यांनी वाढत असेल तर दीर्घकालीन गुणोत्तर साध्या गुणोत्तराहून सुमारे ९ टक्क्यांनी मोठे येते. वाढ ८ टक्के असेल तर सुमारे ३८ टक्क्यांनी. म्हणून संथ वाढीच्या व वेगवान वाढीच्या दोन कंपन्यांची, किंवा दोन देशांची, ह्या गुणोत्तरावरून सरळ तुलना करणे सदोष ठरते.

चौथी मर्यादा सांख्यिकीची. दीडशे वर्षांची आकडेवारी पुष्कळ वाटते. परंतु अंदाज दहा वर्षांच्या परताव्याचा असल्याने एकमेकांत न मिसळणारी दशके त्यात चौदा-पंधराच भरतात. शिवाय १९९० नंतरच्या दशकांत गुणोत्तर बहुतेक काळ जुन्या सरासरीच्या वरच राहिले आहे. सरासरीकडे परतण्याचा नियम मोडला की सरासरीच बदलली, हे इतक्या थोड्या निरीक्षणांवरून निर्णायकपणे सांगता येत नाही.

ह्या सर्वांच्या मुळाशी असलेला एक गैरसमजही दूर केला पाहिजे. निर्देशांकाने गुणल्यामुळे जुना नफा आजच्या रुपयांत येतो, पण तो नफा मुळात बरोबर मोजला होता किंवा नाही, ह्याचे उत्तर त्यातून मिळत नाही. भाववाढीत यंत्रसामग्रीचा घसारा जुन्या खरेदी-किमतीवर आकारला जातो व म्हणून अपुरा पडतो. जुन्या दराने घेतलेला कच्चा माल नव्या दराने विकला गेल्याचा फायदा नफा म्हणून दाखविला जातो. रुपयाचे मूल्य दुरुस्त करणे आणि नफ्याची मोजणी दुरुस्त करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. प्रस्तुत पद्धती त्यांपैकी पहिलेच करते.

८. एकेका कंपनीचा विचार व भारतीय आकडेवारी

संपूर्ण बाजाराकडून एका कंपनीकडे वळताना अधिक सावधगिरी हवी. निर्देशांकातून दुबळ्या कंपन्या गळतात व नव्या येतात. एकटी कंपनी मात्र कायमची खालावू शकते. जुन्या नफ्याची सरासरी तिच्याबाबत भूतकाळाचे स्मारकच ठरण्याचा धोका असतो. ही पद्धती म्हणूनच पोलाद, सिमेंट, साखर अशा चक्राकार चढउतारांच्या, परंतु टिकाऊ मागणीच्या उद्योगांस विशेष लागू पडते.

टाटा स्टीलचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. २०२१–२२ मध्ये ह्या कंपनीचा एकत्रित नफा ४१,००० कोटी रुपयांहून अधिक होता. पुढील वर्षी तो सुमारे ८,००० कोटींवर आला आणि २०२३–२४ मध्ये तोटा झाला. मार्च २०२२ अखेरची किंमत त्या वर्षाच्या नफ्याच्या केवळ चौपट होती. एवढ्यावरून भाग अत्यंत स्वस्त म्हणणे जितके चूक, तितकेच दोन वर्षांनंतरच्या तोट्यावरून तो कवडीमोलाचा ठरविणेही चूक. तसेच, जुलै २०२२ मध्ये कंपनीने दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका भागाचे एक रुपयाचे दहा भाग केले. त्यापूर्वीच्या प्रत्येक वर्षाचा दर भागामागील नफा दहाने भागल्याशिवाय मालिका जुळणार नाही. अधिलाभांश भाग, विभाजन व विलीनीकरण ह्यांसाठी अशी दुरुस्ती ही आपल्याकडील कामाची पहिली पायरी होय.

दुसरी अडचण हिशेबाच्या व्याप्तीची. राष्ट्रीय शेअरबाजाराने मार्च २०२१ अखेरीपासून निफ्टी निर्देशांकाचे गुणोत्तर केवळ मूळ कंपनीच्या नफ्यावरून न काढता उपकंपन्यांसह एकत्रित नफ्यावरून काढण्यास आरंभ केला. गुणोत्तर एका दिवसात सुमारे ४० वरून ३३ वर आले. भाग स्वस्त झाले नव्हते. छेद बदलला होता. तिसरी अडचण किंमत निर्देशांकाच्या आधारवर्षाची. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक ऑगस्ट २०२० मध्ये ३०० हून बराच अधिक होता व सप्टेंबरमध्ये ११८ च्या आसपास आला, कारण आधारवर्ष २००१ ऐवजी २०१६ झाले. नव्या अंकास २.८८ ह्या जोडगुणकाने गुणल्यावरच मालिका अखंड होते. त्याआधीच्या १९८२ च्या मालिकेसाठी हा गुणक ४.६३ आहे. जोडगुणक विसरणाऱ्यास त्या महिन्यात भाव एकदम तृतीयांशावर आलेले दिसतील.

९. समारोप

दीर्घकालीन वास्तविक नफ्यावर आधारलेले गुणोत्तर भविष्य सांगत नाही. भाग केव्हा विकावा व केव्हा घ्यावा हेही त्यावरून कळत नाही. ते एक मर्यादित, पण मोलाचे कार्य करते: आज मागितली जाणारी किंमत द्यावयाची असेल तर भविष्याबद्दल आपणास काय काय गृहीत धरावे लागेल, हे ते स्पष्टपणे समोर मांडते. ते गृहीत मान्य करावयाचे की नाही, हा निर्णय मूल्यमापकाच्या विवेकावर राहतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एक सूचना करून हे विवेचन पुरे करतो. कोणत्याही एका उद्योगातील तीन-चार जुन्या कंपन्यांचे वीस वर्षांचे वार्षिक अहवाल घ्यावेत; भागविभाजन व अधिलाभांश ह्यांची दुरुस्ती करावी; जोडगुणक लावून किंमत निर्देशांकाची अखंड मालिका तयार करावी; आणि प्रत्येक वर्षाअखेरचे साधे व दीर्घकालीन अशी दोन्ही गुणोत्तरे शेजारी शेजारी मांडावीत. ती दोन जेथे परस्परविरोधी खुणा देतात, नेमक्या त्याच वर्षांचे अहवाल पुन्हा बारकाईने वाचावेत. उद्योगाच्या चक्राचे जे ज्ञान त्या वाचनातून होईल, ते कोणत्याही तयार आकड्यातून होणार नाही.